पायरुवेटचे लॅक्टेट किंवा इथेनॉल करून पेशीला काय मिळते?

प्रश्न असा आहे: ऑक्सिजन नसताना ग्लुकोज-विघटनातून पेशीला दोन एटीपी (पेशी ज्यांत वापरायची ऊर्जा बांधून ठेवते ते रेणू) मिळतात आणि पायरुवेट हा तीन कार्बनांचा रेणू तयार होतो. तिथेच न थांबता स्नायूपेशी त्या पायरुवेटचे लॅक्टेट करते आणि यीस्ट त्याचे इथेनॉल करते. या पुढच्या पायऱ्यांत एकही एटीपी तयार होत नाही, तर पेशी त्या करते कशासाठी? शिवाय ऑक्सिश्वसनात जे ग्लुकोज तीस किंवा त्याहून अधिक एटीपी देते, तेच किण्वनात, म्हणजे लॅक्टेट किंवा इथेनॉलपर्यंतच्या या ऑक्सिजनविना मार्गात, दोनच देते, तर उरलेली ऊर्जा जाते कुठे?

जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आणि यीस्टवर काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या विषयावर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी हा मला सर्वांत मोलाचा वाटतो. एटीपीचे आकडे कितीही पाठ केले तरी त्यांतून याचे उत्तर निघत नाही, कारण हा मुळात एटीपीचा प्रश्नच नाही. तो इलेक्ट्रॉनांचा प्रश्न आहे. ग्लुकोजमधून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी ठेवायचे कुठे, ही पेशीची खरी अडचण आहे, आणि किण्वन हे त्या अडचणीवरचे उत्तर आहे.

ऊर्जा सुटते म्हणजे काय होते, तेथून सुरुवात करू. १७८०च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला, किती बर्फ वितळले यावरून त्याच्या शरीरातून निघालेली उष्णता मोजली आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ पाहिले तर तो बरोबरच आहे. एक मोल ग्लुकोजचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते आणि सुमारे २८७० किलोज्यूल इतकी मुक्त ऊर्जा उपलब्ध होते, मग ते ज्योतीत घडो वा पेशीत. फरक आहे तो वाटेत. पेशीचे तापमान सगळीकडे जवळजवळ सारखेच असल्यामुळे तिला उष्णतेकडून काम करून घेता येत नाही. म्हणून ती ग्लुकोजमधील इलेक्ट्रॉन हायड्रोजनसह टप्प्याटप्प्याने काढते, ते तात्पुरते एका वाहकाच्या हवाली करते आणि वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेचा काही भाग एटीपीच्या रूपात बांधून ठेवते.

हा वाहक म्हणजे एनएडी हे सहविकर, म्हणजे विकरांना (पेशीतील अभिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना) साथ देणारा लहान रेणू. त्याचे एक रिकामे रूप असते आणि एक इलेक्ट्रॉनांनी भरलेले रूप असते. भरलेल्या रूपाला एनएडीएच म्हणतात. पेशीत एनएडीचा साठा अगदी तुटपुंजा असतो, आणि पेशीतून जाणाऱ्या ग्लुकोजच्या प्रवाहापुढे तो काहीच नाही. त्यामुळे प्रत्येक रेणू भरणे, रिकामा होणे आणि पुन्हा भरणे हे चक्र अखंड चालू राहावे लागते. एनएडी खर्ची पडत नाही, ते फक्त अडकून पडू शकते. या एका वाक्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

ग्लुकोज-विघटनाच्या दहा पायऱ्या आहेत. त्यांपैकी सहाव्या पायरीकडे नीट पाहावे, कारण सगळे गणित तिथे अडते. त्याआधीच्या पायऱ्यांत पेशीने स्वतःजवळचे दोन एटीपी खर्च करून ग्लुकोजच्या सहा कार्बनांच्या रेणूचे तीन कार्बनांचे दोन तुकडे केलेले असतात. सहाव्या पायरीत ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेटच्या प्रत्येक तुकड्यातून दोन इलेक्ट्रॉन काढले जातात आणि ते स्वीकारायला रिकामे एनएडी हजर असावे लागते. ते असेल तरच पुढच्या पायऱ्यांत चार एटीपी मिळतात आणि खर्च वजा जाता दोन उरतात. ते नसेल तर विकर जागच्या जागी थांबते आणि आधी गुंतवलेले दोन एटीपीही बुडतात. म्हणजे पायरुवेटवरच थांबणाऱ्या काल्पनिक पेशीला पहिल्या काही ग्लुकोज रेणूंकडून प्रत्येकी दोन एटीपी मिळतील. पण थोड्याच वेळात तिच्याजवळचे सगळे एनएडी भरलेल्या अवस्थेत अडकेल आणि नंतर कितीही ग्लुकोज दिले तरी एकही एटीपी मिळणार नाही.

आता पायरुवेटचे लॅक्टेट होताना काय घडते ते पाहा. एनएडीएच आपले दोन इलेक्ट्रॉन पायरुवेटला देते आणि रिकामे होऊन सहाव्या पायरीकडे परत जाते. यीस्टमध्ये पायरुवेटमधून आधी कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ॲसिटाल्डिहाइड उरते आणि ते हे इलेक्ट्रॉन घेऊन इथेनॉल बनते. दोन्हीकडे एटीपीची प्राप्ती शून्य आहे, तरीही ही पायरी झाली नाही तर आधीची प्राप्तीही बंद पडते. लॅक्टेट आणि इथेनॉल ही पेशीची उद्दिष्टे नव्हेत. नको असलेले इलेक्ट्रॉन घेऊन बाहेर पडणारे ते रेणू आहेत.

हे केवळ कागदावरचे तर्क वाटू नयेत म्हणून विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग नेहमी करायला लावते. परीक्षानळीत यीस्टचे दाट मिश्रण आणि थोडे ग्लुकोज घ्यावे, त्यात मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचे काही थेंब टाकावेत आणि नळी कोमट पाण्यात न हलवता उभी ठेवावी. सुरुवातीला सगळे मिश्रण निळे असते. काही मिनिटांत निळा रंग खालून फिका होत जातो आणि अखेर यीस्टचा मूळचा मळकट पांढरा रंग उरतो. फक्त वर, जिथे मिश्रण हवेला भिडते तिथे, निळे कडे टिकून राहते. मिथिलीन ब्लू इलेक्ट्रॉन मिळाले की रंगहीन होते आणि ऑक्सिजनने ते काढून घेतले की पुन्हा निळे होते. यीस्टने मिश्रणातला ऑक्सिजन संपवला आणि आपले इलेक्ट्रॉन रंगद्रव्याला देण्यास सुरुवात केली, हे आपण डोळ्यांनी पाहत असतो. नंतर नळीचे तोंड बंद करून ती जोराने हलवली की सगळे मिश्रण क्षणात पुन्हा निळे होते, आणि ठेवून दिले की पुन्हा फिके पडते. इलेक्ट्रॉन स्वीकारणारा कोणी तरी लागतोच, ही गोष्ट त्या निळ्या कड्याने जितकी पटते तितकी कोणत्याही आकृतीने पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

एनएडीचा शोधही किण्वनाच्याच अभ्यासातून लागला. १८९७मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूसोबत घोटून त्यांचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तेव्हा त्यातून बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना किण्वन चालू होते. १९०७चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना या कामासाठी मिळाले. पुढे १९०६मध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी असाच रस जिलेटिनच्या गाळणीतून दाबाखाली गाळून त्याचे दोन भाग केले. मोठ्या रेणूंचा भाग एकटा किण्वन करेना आणि लहान रेणूंचा भागही एकटा करेना; दोन्ही एकत्र आणले की किण्वन पुन्हा सुरू होई. लहान रेणूंचा भाग उकळला तरी त्याचा गुण जात नव्हता, म्हणजे तो विकर नव्हता. उष्णता सोसणाऱ्या त्या भागातला एक महत्त्वाचा घटक एनएडी होता, हे पुढील काळात उलगडले. हार्डन आणि हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना १९२९चे नोबेल विभागून मिळाले. ज्या रसात विकरे शाबूत आहेत आणि साखरही भरपूर आहे, तो रस लहान रेणूंच्या या भागाविना निपचित पडून राहतो, याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा द्यावासा वाटतो, कारण पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच येतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीला स्फोटकांसाठी ग्लिसरॉल हवे होते आणि ते यीस्टकडून मिळवण्यात आले. त्यासाठी किण्वनाच्या द्रवात सल्फाइट घातले जाई. सल्फाइट ॲसिटाल्डिहाइडला बांधून ठेवते, त्यामुळे त्याला इलेक्ट्रॉन घेऊन इथेनॉल बनता येत नाही. नेहमीचा स्वीकारणारा असा हिरावून घेतल्यावर यीस्ट आपले इलेक्ट्रॉन ग्लुकोज-विघटनातल्याच डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेटला देते आणि त्यापासून ग्लिसरॉल तयार होते. यात ग्लुकोजचा निम्मा भाग एटीपी देणाऱ्या पायऱ्यांपर्यंत पोचतच नाही. त्या रेणूपुरता जमाखर्च मांडला तर दोन एटीपी गेले आणि दोन आले, निव्वळ प्राप्ती शून्य. कोंडीत सापडलेले यीस्ट एटीपीवर पाणी सोडते, पण इलेक्ट्रॉनांचा हिशेब चुकता करते.

आता दुसरा प्रश्न: उरलेली ऊर्जा जाते कुठे? ती कुठेही जात नाही, ती इथेनॉलमध्ये किंवा लॅक्टेटमध्येच राहते. इथेनॉल पेटते, ते त्यामुळेच. एका ग्लुकोजपासून मिळणाऱ्या दोन मोल इथेनॉलचे पूर्ण ऑक्सिडीकरण केले तर सुमारे २६५० किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते. २८७० मधून ती वजा केली की किण्वनात प्रत्यक्ष सुटणारी ऊर्जा साधारण २२० किलोज्यूल एवढीच आहे, हे दिसते. लॅक्टेटच्या बाबतीत ती सुमारे २०० आहे. प्रमाणित स्थितीत एका मोल एटीपीची किंमत ३०.५ किलोज्यूल धरली तर दोन एटीपी म्हणजे ६१ किलोज्यूल, म्हणजे सुटलेल्या ऊर्जेच्या पाव ते एकतृतीयांश. ऑक्सिश्वसनात ३२ एटीपी धरले तर ९७६ किलोज्यूल होतात आणि ते २८७०च्या सुमारे ३४ टक्के भरतात. म्हणून किण्वनाला सरसकट ‘उधळपट्टी’ म्हणणे मला मान्य नाही. किण्वन जेवढी ऊर्जा सोडवते तिचा वाया जाणारा वाटा ऑक्सिश्वसनापेक्षा फार मोठा नसतो. ते मुळातच थोडी ऊर्जा सोडवते, कारण इलेक्ट्रॉन ग्लुकोजच्याच तुकड्यांवर परत ठेवले जातात आणि त्यांची फारशी ‘उतरण’ होत नाही.

ही उतरण ऑक्सिजनमुळे किती मोठी होते, ते व्होल्टमध्ये सांगता येते. एनएडीएचची इलेक्ट्रॉन देण्याची पातळी उणे ०.३२ व्होल्ट आहे आणि ऑक्सिजनची ते घेण्याची पातळी अधिक ०.८२ व्होल्ट. या १.१४ व्होल्टच्या अंतरातून दोन इलेक्ट्रॉन उतरले की प्रतिमोल सुमारे २२० किलोज्यूल सुटतात, म्हणजे इथेनॉलच्या अख्ख्या किण्वनातून मिळतात तेवढे, आणि तेही एकाच एनएडीएचमागे. एका ग्लुकोजमागे असे दहा एनएडीएच तयार होतात: दोन ग्लुकोज-विघटनात, दोन पायरुवेटपासून असिटिल-को-एन्झाइम-ए हा दोन कार्बनांचा गट वाहणारा रेणू बनताना आणि सहा क्रेब्ज चक्रात, म्हणजे त्या गटाचे कार्बन डायऑक्साइडपर्यंत ऑक्सिडीकरण करणाऱ्या अभिक्रियांच्या चक्रात. शिवाय क्रेब्ज चक्रातून एफएडीएच-२ या दुसऱ्या वाहकाचे दोन रेणू मिळतात. थेट मिळणारे एटीपी मात्र मोजकेच, ग्लुकोज-विघटनातले दोन आणि क्रेब्ज चक्रातले दोन. हान्स क्रेब्ज यांनी १९३७मध्ये मांडलेले हे चक्र एटीपीचा कारखाना आहे अशी समजूत असेल तर ती सोडावी. ते इलेक्ट्रॉन गोळा करण्याचे काम करते.

खरी कमाई तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील श्वसन करणाऱ्या अंगकाच्या) आतल्या पटलावर होते. इलेक्ट्रॉन तिथल्या प्रथिनसंकुलांच्या साखळीतून ऑक्सिजनकडे जाताना सुटणारी ऊर्जा थेट एटीपीत जात नाही. तिच्या बळावर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१मध्ये मांडली तेव्हा बहुतेक अभ्यासक ऊर्जा साठवणाऱ्या एखाद्या मधल्या रसायनाच्या शोधात होते. ते रसायन कधीच सापडले नाही, कारण ते नव्हतेच. ऊर्जा पटलाच्या दोन बाजूंमधील फरकात साठलेली होती. मिचेल यांना १९७८चे नोबेल मिळाले. पटलाच्या आरपार सुमारे दीडशे ते १८० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा लहान दिसतो, पण पटलाची जाडी काही नॅनोमीटरच असल्यामुळे विद्युतक्षेत्राची तीव्रता मीटरमागे दोन ते तीन कोटी व्होल्टच्या घरात जाते. या दाबाखाली प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरातून परत येतात तेव्हा त्या विकराचा मधला दांडा फिरतो आणि एका फेऱ्यात तीन एटीपी तयार होतात. हे फिरणे १९९७मध्ये जपानी संशोधकांनी प्रत्यक्ष पाहिले: विकर काचेवर बसवून त्याच्या दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा चमकणारा तंतू जोडला आणि एटीपी पुरवल्यावर तो तंतू सूक्ष्मदर्शकाखाली गोल फिरताना दिसला. विकर एटीपी तयार करतानाच्या उलट दिशेने चालवलेले होते, पण यंत्रणा तीच.

आता ३८ की ३२, हा नेहमीचा गोंधळ. एका एनएडीएचमागे दहा प्रोटॉन ढकलले जातात. एक एटीपी तयार करून तंतुकणिकेबाहेर पोचवायला साधारण चार प्रोटॉन लागतात. म्हणून एका एनएडीएचमागे अडीच आणि एका एफएडीएच-२मागे दीड एटीपी येतात. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएच-२चे ३ आणि थेट मिळालेले ४, असे ३२ होतात. पेशीद्रव्यातल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत कोणत्या मार्गाने नेले जातात त्यानुसार हा आकडा ३०पर्यंत खाली येतो. जुन्या पुस्तकांत हे गुणक ३ आणि २ असे पूर्णांक धरत, त्यातून ३६ किंवा ३८ येत असत. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा. समजून घेताना मात्र तो पक्का ठरलेला नाही हे ध्यानात ठेवा, कारण पटलातून थोडे प्रोटॉन एटीपी न बनवताही आत झिरपत असतात.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. ‘विनॉक्सिश्वसन’ आणि ‘किण्वन’ हे शब्द शालेय पातळीवर एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु सूक्ष्मजीवशास्त्रात ते वेगळे आहेत. काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटला किंवा सल्फेटला इलेक्ट्रॉन देतात. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन वहन साखळी असते, प्रोटॉन ढकलले जातात, एटीपी सिंथेज फिरते. ते ऑक्सिजनविरहित असले तरी खरेखुरे श्वसन आहे. किण्वनात बाहेरचा स्वीकारणारा नसतो आणि अशी साखळीही लागत नाही.

मग दोनच एटीपी देणारा मार्ग टिकून का राहिला? एक कारण म्हणजे वेग. यीस्टला भरपूर साखर दिली तर ऑक्सिजन उपलब्ध असतानाही ते मोठ्या प्रमाणात इथेनॉल तयार करते. प्रत्येक ग्लुकोजमागे प्राप्ती कमी असली तरी दर सेकंदाला मिळणारे एटीपी पुरेसे असतात. साखर बेताची असेल तर मात्र, पाश्चर यांनी १८६१मध्ये दाखवल्याप्रमाणे, हवा मिळालेले यीस्ट कमी साखर वापरून अधिक वाढते. आपल्या स्नायूंचेही असेच आहे. जोराच्या धावेत रक्तातून ऑक्सिजन येण्याची वाट पाहण्याइतका अवधी नसतो आणि लॅक्टेटचा मार्ग काही क्षणांत वेग घेतो. तांबड्या रक्तपेशींत तर तंतुकणिकाच नसतात. स्वतः ऑक्सिजन वाहून नेणारी ही पेशी आपले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य लॅक्टेट तयार करूनच काढते.

लॅक्टेटविषयी एक गैरसमज अजून फार पसरलेला आहे. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते त्याला लॅक्टेट कारण नाही; ते साधारण तासाभरात रक्तातून निवळलेले असते. ते टाकाऊही नाही. हृदयाचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. या देवाणघेवाणीला गर्टी आणि कार्ल कोरी यांचे नाव आहे. एका ग्लुकोजमागे स्नायूला दोन एटीपी मिळतात आणि तेच ग्लुकोज पुन्हा घडवायला यकृत सहा एटीपीइतकी ऊर्जा खर्च करते. हा खर्च परवडतो, कारण यकृताला तेव्हा ऑक्सिजन मिळत असतो. लॅक्टेटमध्ये राहिलेली ऊर्जा अशी शरीरातच परत वापरात येते.

ऑक्सिजन येण्याची आशाच नसेल तर काय, याचे उत्तर क्रूशियन कार्प या माशाकडे आहे. गोल्डफिशचा हा नातेवाईक हिवाळ्यात बर्फाने झाकलेल्या तळ्यात, ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्यात, महिनोन्‌महिने जिवंत राहतो. यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनवर त्याचे सगळे शरीर किण्वनाने चालते. एवढे दिवस लॅक्टेट साचू दिले तर रक्त आम्लधर्मी होऊन तो मरेल. म्हणून इतर अवयवांतले लॅक्टेट रक्तावाटे स्नायूंकडे येते, तिथे त्याचे पुन्हा पायरुवेट होते, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून ॲसिटाल्डिहाइड तयार होते, ते एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन इथेनॉल बनते आणि ते इथेनॉल कल्ल्यांतून पाण्यात निघून जाते. त्याच्याबरोबर ग्लुकोजमधली बहुतांश ऊर्जाही कायमची जाते, कोणत्याही यकृताला ती परत मिळवता येत नाही. मोबदल्यात माशाला मिळते ते रिकामे झालेले एनएडी, आणि पुढच्या ग्लुकोजची सहावी पायरी अडत नाही.